ठिबक 18 टक्क्यात गेलेलं नाही भो

राम राम मंडळी, रावेर-यावलच्या केळीवाल्या ग्रुपांत एक मेसेज फिरतोय की 12 टक्क्याचा जीएसटी स्लॅब बंद झाला म्हणून ठिबक न ट्रॅक्टर 18 टक्क्यात गेले, मंदीत सरकार टॅक्स वाढवूनच वसुली करतं. परवा मीपण तो पुढे ढकलला, चुकलंच माझं.

खरं काय, तर 3 सप्टेंबर 2025 ला जीएसटी कौन्सिलची बैठक झाली, तिच्या यादीत ठिबक, तुषार आणि शेतीचा ट्रॅक्टर 12 वरून 5 टक्क्यांवर आणलेत, 22 सप्टेंबरपासून लागू. यादी मी स्वतः वाचली न घरातली जुनी-नवी बिलं शेजारी ठेवून पाहिली. 1 लाखाच्या ठिबकवर आधी 12 हजार टॅक्स, आता 5 हजार (दुकानदाराने मूळ भाव वाढवला नसेल तर, ते तेवढं बघून घ्या).

आता मंदीचं. मंदीत टॅक्स कमी करायचा म्हणजे लोकांच्या हातात पैसा राहतो, खरेदी होते, दुकानं-कारखाने चालतात, आणि महागाई भडकली की उलटं, असा साधारण हिशोब. 2019 ला मागणी थंडावली तेव्हा कंपन्यांचा टॅक्स 30 वरून 22 टक्के केला होता. पण दरवेळी तसंच होतं असंही नाही, 2020 च्या मे महिन्यात लॉकडाऊन असताना पेट्रोलवर लिटरमागे 10 न डिझेलवर 13 रुपये टॅक्स वाढवलाच की, तिजोरी आटली होती ना. आणि वाचलेले 7 हजार माणूस सोसायटीच्या कर्जात भरेल तर बाजारात काय येणार?

तो मेसेज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर त्याच ग्रुपात हा टाका.