पंचवीस वाजून तीस मिनिटांनी

जपानी दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमपत्रिकेत रात्रीचा दीड हा 25:30 असा छापतात. जो प्रेक्षक अजून झोपलाच नाही त्याचा दिवस उलटला असे कसे म्हणावे, हा त्यामागचा विचार मला मनापासून पटतो, मात्र अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, पाहायच्या म्हणून त्यातून साडेतीन तास वजा करून भारतातले दहा काढायचे आणि नेमके त्याच वेळी आतून "दूध फ्रीजमध्ये ठेवलंत का?" असा प्रश्न यायचा, हे आता दर आठवड्याचे झाले आहे.

अ‍ॅनिमेत घड्याळ हा एकूणच बेभरवशाचा पदार्थ आहे. भाच्याने "मामा, एकच भाग बघा" म्हणून 'फ्रीरेन' लावून दिले. ही मालिका 29 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झाली तीच चार भाग सलग दाखवून, त्यामुळे 'एकच भाग' ही अट मुळातच फसवी होती. पहिल्या भागात राक्षसराजाचा निःपात करून परतलेले चौघे जण उल्कावर्षाव पाहतात, पुढचा पन्नास वर्षांनी एकत्र पाहू असे ठरवतात, आणि मी चहाचा कप खाली ठेवेपर्यंत ती पन्नास वर्षे होऊनही जातात. त्या चौघांतली फ्रीरेन एल्फ या दीर्घायुषी जमातीची असल्यामुळे तिच्यात केसाचाही फरक नाही. आपल्या देखणेपणावर खूश असणाऱ्या तिच्या साथीदाराला, हिम्मेलला, मात्र टक्कल पडून पांढरी दाढी आलेली. ते पाहून माझा हात नकळत डोक्याकडे गेला, आणि भाच्याने ते पाहिले.

याच्या उलट 'ड्रॅगन बॉल झी'. नामेक ग्रहाचा पाच मिनिटांत स्फोट होणार असे खलनायक फ्रीझा बजावतो आणि पुढे आठवड्यांमागून आठवडे ती पाच मिनिटे संपत नाहीत. त्या पाच मिनिटांत लोक मारामारी करतात, जुन्या आठवणी काढतात आणि एकमेकांना सविस्तर धमक्या देतात. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेलाही इतका वेळ कोणी देत नाही.

पण माझी खरी परीक्षा पाहिली ती 'वन पीस'ने. एइचिरो ओदा यांची चित्रकथा 1997 पासून चालू आहे आणि तिच्यावरचे अ‍ॅनिमे ऑक्टोबर 1999 पासून. साप्ताहिक अ‍ॅनिमे चित्रकथेच्या पाठोपाठ धावते, मूळ कथा मागे टाकता येत नाही, म्हणून एकतर मधे भरतीचे भाग घालायचे, नाहीतर आहे तेच ताणायचे. ताणायचे म्हणजे कसे, तर आधी मागील भागाचा सारांश, मग शीर्षकगीत, मग नायक लुफी मूठ उगारतो. जमिनीवरचे खडे हळूहळू वर उचलले जातात, आजूबाजूचे सगळे एकेक करून तोंडाचा आ वासतात, कोणाच्या तरी कपाळावरून घामाचा थेंब ओघळतो, आणि पुढील भागाची झलक सुरू होते. मूठ अजून वरच. आईला यात काही वावगे वाटत नाही, कारण तिच्या मालिकेत दाराची बेल वाजल्यापासून दार उघडेपर्यंत गुरुवार उजाडतो. तिची शंका निराळी होती: हा मुलगा रबराचा का? त्याने एक विचित्र फळ खाल्ले, असे मी सांगितले. "न धुता खाल्लं असेल," ती म्हणाली.

जिथे वेग आहे तिथे वेगळाच छळ. 'डंडाडन' पाहताना बसल्या जागी दम लागतो. भुते, परग्रहवासी आणि शाळेतले प्रेम सगळे एकाच वेळी अंगावर येते. डिसेंबर 2024 मध्ये नायिका मोमो गरम पाण्याच्या कुंडात असताना काही अनोळखी पुरुष आत शिरतात आणि तिथेच हंगाम संपतो. पुढचा भाग जुलै 2025 मध्ये. तोवर ती बिचारी पाण्यात आणि मी गॅसवर. बरे, या चिंतेचे कारण घरात सांगायचीही सोय नाही.

आता 'वन पीस'च्या निर्मात्यांनीच 2026 पासून वर्षाला जास्तीत जास्त 26 भाग करायचे जाहीर केले आहे, म्हणजे कथा ताणावी लागणार नाही. वर्षानुवर्षे मी हेच मागत होतो, हे खरे. परंतु आजवर मूठ उगारलेली असताना उठून कुकर बंद करता येत असे, पाणी पिता येत असे, क्वचित खालच्या मजल्यावर जाऊन कुरियरही घेऊन येता येत असे. यापुढे ही कामे कोणत्या वेळात उरकायची, याचा विचार त्या घोषणेत कुठेही केलेला दिसत नाही.