नास्तिकाने कॅथेड्रल कसे चालवावे

समजा, तुम्ही निष्ठावान नास्तिक आहात, चीनच्या कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य असल्यामुळे कोणताही धर्म मानण्याची तुम्हाला मुभाही नाही, आणि एके सकाळी वरिष्ठांनी तुमच्या टेबलावर शांघायच्या संत इग्नेशियस कॅथेड्रलची फाइल आणून ठेवली आहे. घाबरू नका. देव नाही हे ज्याला पक्के ठाऊक आहे, त्याला देवाचे घर सांभाळणे श्रद्धाळू माणसापेक्षा सोपे जाते. मालकच नाही म्हटल्यावर घर बेवारस आणि बेवारस मालमत्ता सरकारजमा, हा न्याय कोणत्याही तलाठ्याला पटेल.

एक पथ्य मात्र पाळा: इमारतीला हात लावू नका. १९१० साली पूर्ण झालेल्या या लाल विटांच्या वास्तूचे मनोरे १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांतीच्या उत्साहात पाडले गेले, रंगीत काचा फोडल्या गेल्या आणि आत गोदाम थाटले गेले. पुढे १९७९ मध्ये तेथे पुन्हा प्रार्थना सुरू करू द्यावी लागली आणि पाडलेले मनोरेही नव्याने उभारावे लागले, म्हणजे पाडण्याचाही खर्च झाला आणि बांधण्याचाही. त्यापेक्षा बिशपकडे, म्हणजे एरवी पोपने नेमलेल्या स्थानिक धर्मप्रमुखाकडे, लक्ष द्यावे. तो विटांपेक्षा स्वस्त पडतो, शिवाय रातोरात हलवता येतो.

अर्थात बिशपला थेट तुरुंगात टाकण्याच्या जुन्या पद्धतीचीही आता शिफारस करता येत नाही. शांघायचे बिशप इग्नेशियस कुंग पिन-मेइ यांना सप्टेंबर १९५५ मध्ये अटक झाली, पुढे जन्मठेप झाली आणि सुमारे तीस वर्षे ते कैदेत राहिले. पण १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना गुपचूप कार्डिनल (पोपच्या खालोखालचे पद) केले आणि १९९१ मध्ये ते नाव जगजाहीर करून टाकले. कैद तुमची, बढती रोमची. खरी मेख इथेच आहे: माणूस तुमच्या ताब्यात असतो, त्याचे पावित्र्य नसते.

यावर १९५७ मध्ये शोधलेला उपाय म्हणजे सरकारच्या देखरेखीखालची ‘देशभक्त कॅथलिक संघटना’. या नावातच अशी सोय आहे की जो सदस्य होत नाही, तो आपोआप देशद्रोही ठरतो. स्वशासन, स्वावलंबन आणि स्वप्रसार ही तीन तत्त्वे या कारभाराचा पाया मानली जातात. त्यांतील ‘स्व’ नेमका कोण, असे विचारणाऱ्याचे नाव टिपून ठेवावे. बिशप सरकारने नेमावा यात गैर काय, असेही तुम्ही छातीठोकपणे विचारू शकता. पाद्रोआदोच्या, म्हणजे पोपने पोर्तुगालला दिलेल्या धर्माश्रयाच्या हक्काच्या, काळात तिथला राजाच बिशपांची नावे सुचवीत असे, आणि १६९० मध्ये स्थापन झालेला पेकिंगचा (आजच्या बीजिंगचा) धर्मप्रांत तर आपल्या गोव्याच्या आर्चबिशपांच्या हाताखाली होता. राजा निदान मिस्साला, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेला, जात असे, हा तपशील मात्र चर्चेत काढू नये.

तुमच्या राज्याने नकळत केलेल्या धर्मसेवेचाही अभिमान बाळगा. १९६०च्या दशकातील व्हॅटिकन परिषदेनंतर जगभर मिस्सा लोकभाषेत होऊ लागली. तुम्ही रोमची वाट बंद ठेवल्यामुळे शांघायमध्ये ती १९८९ पर्यंत जुन्या लॅटिनमध्येच चालू राहिली. युरोपातील सनातनी कॅथलिकांनी ज्यासाठी आयुष्यभर आदळआपट केली, ते कम्युनिस्टांनी काहीही न करता जपले.

दीक्षाविधीच्या दिवशी ध्वनिक्षेपकावर डोळा ठेवा. ७ जुलै २०१२ रोजी याच कॅथेड्रलमध्ये सहायक बिशप झालेल्या मा दाचिन यांनी, रोम आणि सरकार या दोघांचीही संमती असताना, भरल्या चर्चमध्ये सांगितले की यापुढे देशभक्त संघटनेतील काम करणे आपल्याला सोयीचे होणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बिशपमहाशयांची रवानगी शांघायजवळच्या शेषानच्या सेमिनरीत (धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेत) झाली आणि वर्ष संपण्याआधी त्यांची नेमणूकही सरकारमान्य बिशपांच्या मंडळाने रद्द केली. दोन वाक्यांसाठी इतका व्याप झाला. म्हणून आभाराचे भाषण लेखी घ्यावे.

सप्टेंबर २०१८ पासून तुमचे काम बरेच हलके झाले आहे, कारण बिशपांच्या नेमणुकांबाबत बीजिंग आणि व्हॅटिकन यांच्यात करार झाला आहे. त्याचे वेळोवेळी नूतनीकरण होते, पण मजकूर अद्याप गुप्त आहे. त्यामुळे तुम्ही तो मोडला, असे कलम दाखवून सिद्ध करणे कोणालाही जड जाईल. एप्रिल २०२३ मध्ये शेन बिन यांना दुसऱ्या धर्मप्रांतातून आणून शांघायच्या आसनावर परस्पर बसवण्यात आले आणि जुलैमध्ये पोपची मान्यता वरातीमागून घोड्यासारखी येऊन पोहोचली. पदरी पडले आणि पवित्र झाले, हे तत्त्व रोमलाही मानवते. मुहूर्त पाहण्याची कलाही शिकून घ्या: पोप फ्रान्सिस यांचे दफन २६ एप्रिल २०२५ रोजी झाले आणि २८ तारखेला शांघायमध्ये नव्या सहायक बिशपची निवड उरकली गेली. पोपचे आसन रिकामे असताना नकार द्यायला कोणी नसते.

एवढे साधले की रविवारी कॅथेड्रलमध्ये मागच्या बाकावर निवांत बसा. नव्या रंगीत काचांवर चिनी शैलीची चित्रे आहेत, तेव्हा चिनीकरणाच्या, म्हणजे धर्माला चिनी वळण लावण्याच्या, अहवालात दोन ओळी सहज भरतील. मिस्साच्या मध्यभागी एक अवघड क्षण येईल, तेवढा सांभाळा. धर्मगुरू आधी पोपचे नाव घेतील आणि मग स्थानिक बिशपचे. दुसरे नाव तुमच्या फाइलीतून गेलेले आहे. पहिले उच्चारले जात असताना खिशातला मोबाइल काढून पाहत राहावे.