सतराचा पट आणि खो-खोचा संघ

लहान शाळांवरच्या माझ्या लेखाखाली पुण्याच्या एका वाचकांनी लिहिलं आहे, “वीसच्या आतल्या पटाच्या शाळा जपणं हा नुसता गहिवर आहे. तिथे ना मैदान, ना प्रयोगशाळा, ना खेळाचा शिक्षक. पाच-सहा शाळा एकत्र करा, गाडी द्या आणि मुलांना खरी शाळा मिळू द्या.”

सर, तुमचा खेळाचा मुद्दा मला लागला, कारण तो खरा आहे. जावळी तालुक्यात मी द्विशिक्षकी शाळेवर होते तेव्हा आमचा पट, म्हणजे शाळेतली एकूण मुलं, सतरा. कबड्डीला मैदानात सात खेळाडू लागतात, खो-खोला नऊ. मुलगे-मुली वेगळे केले आणि पहिलीतली पिल्लं वगळली की एकही संघ पुरा होत नसे. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, स्पर्धांत आमची मुलं धावायची, लांब उडी मारायची आणि खो-खो सुरू झाला की कडेला बसून बघायची. धावायला संघ लागत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या धावपटू कविता राऊतने 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. पण तिचं नाव पुढे करून तुमचा प्रश्न मला टाळायचा नाही.

फक्त ही उणीव येते कुठून, तेही बघा. शिक्षण हक्क कायद्यात शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक, मिळतो तो सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तर. समग्र शिक्षा या केंद्र सरकारच्या योजनेच्या निकषांत प्राथमिक शाळेला खेळासाठी वर्षाला 5,000 रुपये आणि तीसपर्यंत पट असेल तर संयुक्त शाळा अनुदान 10,000 रुपये. त्यातच वीजबिल, खडू, झाडू आणि गळक्या छपराची डागडुजी. आधी पट पाहून हात आखडता घ्यायचा आणि मग सोयी नाहीत म्हणून शाळा बंद करायची, हे मला पटत नाही.

आता गाडी. 2023 मध्ये शासनाने समूह शाळांचे, म्हणजे लहान शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करण्याचे, प्रस्ताव मागवले, तेव्हा पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणं दिली होती. वीसच्या आतल्या पटाच्या शाळा तेव्हा राज्यात 14,000 हून जास्त होत्या, त्यातल्या कितीतरी डोंगरात. आमच्याच तालुक्यातल्या खिरखंडीच्या मुली कोयनेच्या जलाशयातून स्वतः होडी वल्हवत आणि पुढे जंगलातून चालत शाळेला जात होत्या. जानेवारी 2022 मध्ये उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्या मोठ्या मुली होत्या. सहा वर्षांचं पोर आषाढात दरड कोसळलेल्या रस्त्यावर गाडीची वाट बघत किती दिवस उभं राहील? दोनदा गाडी चुकली की मुलाला मामाकडे शिकायला ठेवतात आणि मुलीला म्हणतात, “राहू दे आता.” हे मी माझ्याच वर्गात पाहिलं आहे. पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, असं शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत आहे ते याचसाठी.

अभ्यासाचं म्हणाल, तर दुसरीची मुलं चौथीचे पाढे नुसते ऐकून पाठ करतात. एकाच खोलीत अनेक इयत्ता बसवणाऱ्या बहुवर्गाचं ते सुख. पण दोघांपैकी एक शिक्षक निवडणुकीच्या कामाला गेला की चारही वर्ग एकाच्या गळ्यात पडतात. तिथे नुकसान होतं, आणि ते मी मान्य करते. खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा बंद पडायच्या बेतात होती. तिला 2025 मध्ये जगातल्या उत्कृष्ट शाळांच्या पुरस्कारांत लोकपसंतीचा मान मिळाला. शाळा तीच होती. शिक्षक टिकून राहिले आणि गाव मागे उभं राहिलं.

म्हणून माझं म्हणणं असं की चौथीपर्यंतचे वर्ग वाडीतच राहू द्या. तुमची गाडी आठवड्यातून एकदा, शनिवारी येऊ द्या. केंद्रातल्या सगळ्या लहान शाळांची मुलं एका मैदानावर आणा आणि पूर्ण केंद्राला मिळून खेळाचा एक शिक्षक द्या. आम्ही शेजारच्या वाडीच्या शाळेबरोबर हे एक वर्ष करून बघितलं होतं. नऊ मुलींचा संघ झाला, रोज संध्याकाळी सराव झाला. स्पर्धेच्या सकाळी सांगितलं गेलं की संघ एकाच शाळेचा हवा. मुली गणवेश घालून गेल्या होत्या, तशाच परत आल्या.

वीसच्या आतल्या शाळांना संयुक्त संघ उतरवता यावा, असा अर्ज मी लिहायला घेतला आहे. कच्चा मसुदा लवकरच इथे टाकेन. तुम्ही तो वाचून त्यातल्या त्रुटी सांगितल्यात, तर मला हवंच आहे.