अंधारात चमकतं ते सगळं 'रेडियम' नसतं

लातूर-नांदेडकडे अकरावी-बारावीच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: "अंधारात चमकत राहतं त्यात रेडियम नाहीतर जड धातू असतोच. निव्वळ कार्बनी रेणू साध्या तापमानाला चमकत नाहीत. चमकलेच तर सपाट रेणूच."

रेडियमचं आधी उरकू. उसाच्या ट्रॉलीमागे लावतात ते 'रेडियम' मागच्या गाडीचा उजेड परत फेकतं, बस्स. रात्री चमकणाऱ्या स्टिकरांत बहुधा स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट असतं. म्हणजे धातू आहे, पण धातूवाचून अडतं असं नाही.

साध्या तापमानाचं म्हणाल, तर 5 ग्रॅम बोरिक ॲसिड घ्या. कॅरमची पावडर चालेल, पण पाकिटावर बोरिक ॲसिडच लिहिलेलं हवं; भेसळीत स्टार्च असला की काळं पडतं. त्यात फ्लुओरेसिन हा कार्बनी रंग 1-2 मिलिग्रॅम, सुईच्या टोकावर मावेल एवढंच. चष्मा लावून, खिडकी उघडी ठेवून, परीक्षानळीत मंद आचेवर बुडबुडे थांबून रस नितळ होईपर्यंत तापवा. थंड होऊन त्याची काच झाल्यावर नोटा तपासायचा टॉर्च मारून विझवा: काही सेकंद चमक राहते. रंग जास्त पडला तर टॉर्च असेपर्यंतच उजळतं. आच जास्त झाली तर रंग करपतो. पावसाळ्यात काच ओल धरून पांढुरकी पडते, चमक मंदावते. परभणीच्या मेमधल्या 42 अंशांत ती आणखी लवकर विझते.

या काचेत रेणूला हलायला जागा नाही आणि ऑक्सिजनला शिरायला वाट नाही. म्हणून ऊर्जा वाया जात नाही; कळ तिथेच आहे.

आता 'सपाटच'. कोरोनीन सात वलयांचा, सपाट, ताठ रेणू. ॲक्रिलिक प्लास्टिकमध्ये विरळ मिसळला तर त्याची चमक काही सेकंद टिकते, दाटीत मात्र तो शेजारच्या रेणूंमध्येच ऊर्जा घालवतो. उलट बेंझोफिनोनची दोन वलयं एका पातळीत बसतच नाहीत, कडेचे हायड्रोजन एकमेकांना भिडतात. तरी कार्बोनिलमुळे (कार्बन-ऑक्सिजनच्या दुहेरी बंधामुळे) तो सुमारे 10 पिकोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाच्याही शंभराव्या भागात, ट्रिपलेटमध्ये, म्हणजे उशिरा उजेड सोडणाऱ्या उत्तेजित अवस्थेत, उतरतो. पण ज्या कार्बोनिलमुळे तिथे झटकन पोचतो, त्याच्यामुळेच झटकन रिताही होतो: चमक मिलिसेकंदांची.

रेणूतला इलेक्ट्रॉन देणारा आणि घेणारा भाग एकमेकांना तिरके असले की सिंगलेट (लगेच उजळणारी अवस्था) आणि ट्रिपलेट यांच्या ऊर्जेतलं अंतर घटतं, आणि ट्रिपलेटमध्ये उतरणं सोपं होतं. तो पीळ स्फटिकात जखडला तर फायदा. द्रावणात तो हेलकावतो आणि ऊर्जा उष्णता होऊन जाते. स्फटिक खलात घोटले तर चमक बऱ्याचदा जाते, ती यामुळेच.

आकाराला श्रेय देण्याआधी मात्र बाटली तपासा. 2020 मध्ये दिसलं, की विकतच्या कार्बाझोल या कार्बनी रसायनाच्या नावावर जमा असलेल्या लांब चमकीमागे त्यातली 0.5 टक्क्यांहून कमी आयसोमरची (तेच अणू, पण जोडणी वेगळी अशा रेणूची) भेसळ होती.