रोझी आमची, पण गोवा कुठे?

सकाळपासून फीडवर अनुराग कश्यपच्या 'बॉम्बे व्हेल्वेट'चं कौतुक चाललंय. काळाच्या पुढचा सिनेमा म्हणे, तेव्हा कुणाला कळलाच नाही! कळला होता हो. 2015 मध्ये तिकीट काढून पाहिला होता, आणि सोबत शेजारचे अंकल होते, म्हणून तर जास्त राग येतो.

देखणा आहे, कबूल. श्रीलंकेत जुनी मुंबई उभी केली, अमित त्रिवेदीची गाणी मी अजून ऐकते. पण नुआर, म्हणजे गुन्हेगारीचा हा काळोखा सिनेप्रकार, म्हणजे नुसती हॅट, धूर आणि भिंतीवरच्या सावल्या? अंधारातल्या माणसासाठी जीव खालीवर व्हायला हवा. इथे नायक जॉनी पिंजऱ्यात मार खातो आणि आपण सेट बघत बसतो.

आणि नायिका रोझी नोरोन्हा! क्लबात गाणारी, आमच्या गोव्याची पोर. तिच्या वाट्याला गोवा किती, तर लहानपणीची एक जखम, तीही घाईत उरकलेली. पुढे ती कुणाची आठवण काढते, कुठल्या भाषेत रडते, काही नाही. नुसते गाऊन बदलते.

अंकल ऐन उमेदीत मुंबईच्या हॉटेलांत ट्रम्पेट वाजवायचे. चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेले, धोबीतलावला गावच्या कुडीत, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, राहिलेले. वरच्या ओठावर माउथपीसचा वण शेवटपर्यंत होता. रात्री हॉटेल, सकाळी रेकॉर्डिंग. संगीतकार चाल गुणगुणायचे, हे पेन्सिलीने कागदावर उतरवायचे. रेकॉर्डवर नाव दुसऱ्याचं. हे सगळं ते तक्रारीचा सूरही न लावता सांगायचे, त्याचंच मला वाईट वाटायचं. अहो, नुआरला आणखी काय लागतं?

1951 च्या 'अलबेला'त चिक चॉकलेट, म्हणजे आपले गोव्याचे ट्रम्पेटवाले आंतोनियो झेवियर वाझ, बँडसकट पडद्यावर दिसतात. एका गाण्यापुरते, पण चेहऱ्यानिशी. रोझीच्या मागच्या बँडमधल्या एकाची तरी गोष्ट या एवढ्या खर्चिक सिनेमाला सांगावीशी वाटली? प्रत्येकाची सांगता येत नाही, मान्य. एकाची?

मध्यंतरात अंकल म्हणाले, "चल, घरा वचूंया." मी हट्टाने थांबवलं त्यांना. पडद्यावर ट्रम्पेट वाजत होता आणि त्यांचा हात मांडीवर स्वस्थ पडून होता. त्याआधी 'नाचूंया कुंपासार' बघताना याच हाताची तीन बोटं गाणंभर हलत होती, अगदी व्हॉल्व्ह दाबल्यासारखी. बार्ड्रॉय बार्रेटोने लोकांकडून पैसे जमवून केलेला कोंकणी सिनेमा तो. गोव्याचा संगीतकार ख्रिस पेरीची गाणी, आपली माणसं, तोच मुंबईचा काळ.

कौतुकाच्या पोस्टी टाकणाऱ्यांनी आधी तो बघा. मग भांडू.