निम्म्या बिलाचा पडदा

एडिनबरातल्या आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर ऑक्टोबर लागला की एक फॉरवर्ड हमखास उगवतो. यंदा तो तिघांनी टाकला. मजकूर थोडक्यात असा: हनीकोम्ब ब्लाइंड (खिडकीवर वर-खाली होणारा घड्यांचा पडदा) लावा, हीटिंगचं बिल निम्मं करा, मग खिडकी कुठलीही असो, फरक तेवढाच पडतो, ब्लाइंड दिवसरात्र बंद ठेवा, काचेवर पाणीही धरणार नाही, आणि परवडत नसेल तर जमिनीपर्यंतचा जाड पडदा चालेल.

ब्लाइंडशी माझं वाकडं नाही, बेडरूममध्ये माझ्याकडेही आहे. वाकडं आहे ते आकड्याशी, आणि त्याहून जास्त त्या 'दिवसरात्र'शी.

आधी निम्म्या बिलाचं बघू. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या हिशेबाने घर तापवायला लागणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण ३०% खिडक्यांवाटे जाते. म्हणजे खिडकीतून कणभर उष्णता बाहेर जाऊ दिली नाही, तरी ७०% खर्च जागच्या जागी. हेच खातं म्हणतं की घट्ट बसवलेलं हनीकोम्ब ब्लाइंड खिडकीतून जाणारी उष्णता ४०% किंवा जास्त कमी करतं, आणि त्यातून हीटिंगची एकूण बचत होते सुमारे १०%. कुणीतरी ४० वाचले, त्याचे ५० केले आणि 'खिडकीतून' हा शब्द वाटेत सांडला, दुसरं काय! शिवाय हीटिंग गॅसवर असेल, तर त्या बिलात अंघोळीचं पाणीही असतं. ते ब्लाइंडला काय विचारणार?

त्या वाक्यातला 'घट्ट' हा शब्दही फॉरवर्डमध्ये नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. मधाच्या पोळ्यासारख्या घड्यांमध्ये हवा कोंडून राहते, ती उष्णता अडवते. पण कडेला बोटभर फट असेल तर खोलीतली गरम हवा वरून काचेमागे शिरते, गार होऊन जड होते आणि खालून बाहेर सांडते. मी एकदा ब्लाइंडच्या खालच्या फटीपाशी उदबत्ती धरली. धूर सरळ वर जायचा सोडून खोलीत आडवा आला. वरच्या फटीपाशी धरली, तर आत ओढला गेला. संध्याकाळी सोफ्यावर बसलं की घोटे का गारठतात, ते तेव्हा कळलं. नंतर दोन्ही बाजूंना पट्ट्या बसवून घेतल्या.

आता 'खिडकी कुठलीही असो' हे. दीड चौरस मीटरची खिडकी धरा, आत २० अंश, बाहेर ५. जुन्या एकेरी काचेतून (यू व्हॅल्यू, म्हणजे उष्णता किती निसटते त्याचं माप, ५.५) साधारण १२४ वॅट उष्णता सतत बाहेर जाते. ब्लाइंडमुळे ०.२ इतका उष्णतारोध वाढला असं मानलं, तर ती ५९ वर येते. म्हणजे ६५ वॅट वाचले. आता त्याच मापाची नवी दुहेरी काच घ्या, यू व्हॅल्यू १.४. तिच्यातून मुळात ३२ वॅटच जातात, आणि तेच ब्लाइंड लावून वाचतात जेमतेम ७. ज्यांनी नुकत्याच खिडक्या बदलल्यात त्यांनी ब्लाइंड आवडलं तर जरूर घ्यावं, बिलासाठी मात्र नको.

दिवसरात्र बंद? इथे डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि दुपारी पावणेचारच्या आत मावळतो. आकाशात तो इतका खाली असतो की दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट समोरच्या भिंतीपर्यंत पोचतं. फुकटची शेगडी आहे ती! तिच्या तोंडावर पडदा ओढायचा? अंधार पडला की बंद, उजाडलं की उघडं. उत्तरेच्या न वापरातल्या खोलीत बंद राहिलं तर एकवेळ हरकत नाही.

पाण्याचं तर नेमकं उलट आहे. ब्लाइंड खोलीची ऊब काचेपर्यंत पोचू देत नाही, म्हणून काच आणखी गार होते. वाफ मात्र कडेने जातेच. २० अंशांच्या खोलीत आर्द्रता ५०% असेल, तर ९ अंशांच्या आसपास गार झालेल्या पृष्ठभागावर दव धरतं. भाताचा कुकर आणि खोलीत वाळत टाकलेले कपडे असले की विचारूच नका. सकाळी ब्लाइंड वर करून काच पुसली नाही, तर चौकटीच्या कोपऱ्यात काळी बुरशी येते. माझ्याकडे आली होती.

आणि जमिनीपर्यंतचा पडदा: इथे बहुतेक घरांत खोली तापवणारा रेडिएटर खिडकीखाली असतो. लांब पडदा त्याच्यावरून सोडला की रेडिएटर काचेच्या बाजूला, आपण दुसऱ्या बाजूला. पडदा खिडकीच्या फळीशी संपावा.

पडद्यावरून आठवलं. ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठाने २००८ साली जुन्या एकेरी काचेच्या खिडकीवर मोजमाप केलं होतं. जाड पडद्याने उष्णतेची गळती १४% कमी झाली, साध्या रोलर ब्लाइंडने २२%, आणि लाकडी झडपांनी ५१%. इथल्या जुन्या दगडी इमारतींत या झडपा खिडकीच्या दोन्ही अंगांना घडी होऊन बसलेल्या असतात, वर रंगाचे इतके थर की भिंतच वाटावी. नवं काही मागवण्याआधी तिथे बोटांनी ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर पातळ सुरी घ्या आणि फटीतला रंग सावकाश कापत चला. माझी एक झडप उघडायला अख्खा रविवार गेला. दुसरी अजून अडकलेलीच आहे.