‘मंदीत बायका आपणहून घरी बसतात’? हे घ्या उत्तर

कोल्हापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. मंदीचा खरा फटका पुरुषाला बसतो. घरात कमावणारा असतो म्हणून बायका आपणहून काम सोडतात. लॉकडाऊनमध्ये पुरुषांनीही भांडी घासली. आणि आता तर काम करणाऱ्या बायका वाढल्यात, मग तक्रार कसली?

पहिला मुद्दा अर्धा खरा आहे. २००८ च्या मंदीत अमेरिकेत पुरुषांच्या नोकऱ्या जास्त गेल्या, कारण बांधकाम आणि कारखाने बसले. आपल्याकडेही वाहनउद्योग थंडावला की शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतल्या, म्हणजे धातू ओतणाऱ्या कारखान्यांतल्या, पाळ्या कमी होतात. पण २०२० मध्ये उलटं झालं. अझीम प्रेमजी विद्यापीठाचा २०२१ चा अहवाल सांगतो, कामावरच्या पुरुषांपैकी ६१ टक्क्यांचं काम टिकलं, बायकांपैकी फक्त १९ टक्क्यांचं. काम गेलं आणि वर्ष संपेपर्यंत परत मिळालं नाही, असे पुरुष ७ टक्के, बायका ४७ टक्के.

‘आपणहून सोडलं’ वाचून मात्र मला राग आला. आमच्या गल्लीतल्या एक वहिनी शिरोलीत पॅकिंगला जायच्या. पहाटे पाणी भरायचं, चपात्या, पोरांचे डबे, सासूबाईंना इन्सुलिन, आणि आठच्या आत कंपनीच्या गेटवर. लॉकडाऊन उठला, नवरा फौंड्रीत परत गेला. धाकट्याची शाळा बंदच. पहिली ते चौथीचे वर्ग मार्च २०२० ला बंद झाले, ते उघडायला डिसेंबर २०२१ उजाडला. पोराजवळ कोण थांबणार, यावर घरात चर्चासुद्धा झाली नाही. कंपनीनं त्यांच्या जागी दुसरी बाई घेतली. दारूची दुकानं मात्र मे २०२० मध्येच उघडली होती. पुढच्या संकटात अंगणवाड्या आणि शाळा आधी उघडा, एवढं तरी मागायला हवं.

आणि कमावणारा असतो म्हणे! विधवा, नवऱ्यानं टाकलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याचं करणाऱ्या कितीतरी बायका राजारामपुरी, ताराबाई पार्कात चार घरची धुणीभांडी करतात. सोसायट्यांनी गेट बंद केलं तेव्हा त्यांच्या घरात दुसरा पगार कुठून येणार होता?

भांड्यांचं म्हणाल, तर एप्रिल २०२० मध्ये पुरुषांचं घरकाम खरंच वाढलं. अर्थतज्ज्ञ अश्विनी देशपांडे यांनी ते नोंदवलंय, आणि ऑगस्टपर्यंत ते पुन्हा घसरलं हेही. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला २८९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांची ८८.

राहिला वाढलेला आकडा. सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांचा श्रमसहभाग, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्यांचं प्रमाण, २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ४१.७ झाला. पण त्या वर्षी काम करणाऱ्या स्त्रियांपैकी ३६.७ टक्के घरच्याच शेतीत किंवा धंद्यात बिनपगारी राबत होत्या. करवीर, कागलच्या गावात बघा: वैरण ती आणते, शेणघाण ती काढते, धारही तीच काढते. डेअरीत खातं नवऱ्याच्या नावावर, दूधबिल त्याच्या हातात. श्रमबल सर्वेक्षणात तिची नोंद ‘रोजगार आहे’ अशीच होते.